‘हाड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय?

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण.)



आपल्या शिबिरांत आपण दारूवर बोलतो, मारहाणीवर बोलतो, वनहक्कांच्या दाव्यांवर बोलतो. टोंगळ्यांवर मात्र बोलत नाही. सभेची सतरंजी अंथरली की चाळिशी ओलांडलेल्या बाया भिंतीच्या कडेला सरकतात, पाय लांब करून बसतात आणि उठताना शेजारणीचा खांदा धरतात. हे सगळ्यांना दिसतं. तरीही ते विषयपत्रिकेवर येत नाही, कारण दुखणं हे बाईच्या जन्माला लागलेलंच आहे असं आपण सगळ्यांनी धरून ठेवलंय. आज सांध्यांच्या दुखण्याविषयी बोलू. आणि सुरुवात करू एका वाक्यापासून, जे तुमच्यापैकी अनेकींनी दवाखान्यात ऐकलं असेल: “फोटो काढला, हाड वाढलंय.”

हे वाक्य ऐकून बाई घाबरते. हाड वाढलंय म्हणजे आत काहीतरी काट्यासारखं उगवलंय, ते वाढतच जाणार, मांसात रुतणार, असं तिला वाटतं. मग तिच्यापुढे तीन रस्ते येतात. कोणी सांगतं, ऑपरेशन करून काढावं लागेल. कोणी सुई टोचतो आणि कागदात बांधलेल्या पुड्या देतो. आणि कोणी म्हणतो, “वय झालं बाई, आता आराम करा.” तिन्ही ठिकाणी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: बाई, तुम्ही दिवसभर काम काय करता?

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. वाढलेलं हाड हा मूळ आजार नाही, ती सांध्यावर पडलेल्या ताणाची खूण आहे. खुणेला घाबरायचं नाही आणि खूण खरवडून काढण्यासाठी घर विकायचं नाही. ताण कुठून येतो ते शोधायचं, सांध्याला बळ द्यायचं, आणि जो ताण एकट्या बाईला कमी करता येत नाही तो गावाने मिळून कमी करायचा.

हाड का वाढतं?

सांध्यात दोन हाडं एकमेकींसमोर येतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट असा एक थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चेमुळे हाडं घासत नाहीत, आणि सांध्याभोवतीच्या पिशवीत थोडा चिकट द्रव असतो तो वंगणाचं काम करतो. वर्षानुवर्षं जास्त भार पडला, जुना मार लागलेला असला किंवा सांध्याला आवरून धरणारे स्नायू कमजोर झाले, की कूर्चा पातळ होत जाते, तिला चिरा पडतात. सांधा थोडा डगमगू लागतो.

अशा वेळी शरीर काय करतं? बांधीचा धुरा खचायला लागला की आपण काय करतो ते आठवा. कडेला माती थापतो, धुरा रुंद करतो, म्हणजे पाणी फोडून जाणार नाही. शरीरही सांध्याच्या कडेला नवं हाड थापतं. भार जास्त जागेवर वाटला जावा आणि डगमगणारा सांधा स्थिर व्हावा यासाठी शरीराने केलेली ही डागडुजी असते. फोटोत ती टोकदार दिसते म्हणून तिला काटा म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या अंगावर कूर्चेचं आवरण असतं आणि ती सहसा सुईसारखी टोचत नाही.

मग दुखतं कशाने? झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडावर ताण येतो, सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, भोवतालचे स्नायू थकून आखडतात. दुखणं बहुतेक वेळा या तीन गोष्टींचं असतं. म्हणूनच फोटो आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. एखादीच्या फोटोत मोठी टोकं दिसतात आणि ती डोंगर चढून मोह वेचून येते. दुसरीचा फोटो जवळजवळ चांगला असतो आणि तिला रात्री कूस बदलता येत नाही. टाचेचंही तसंच. टाचेच्या फोटोत हाडाचा काटा दिसणारे अनेकजण विनातक्रार चालतात. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखते ती मुख्यतः तळपायाच्या ताणलेल्या पट्ट्यामुळे.

काही वेळा वाढलेलं हाड खरोखर त्रास देतं, हेही सांगायला हवं. मणक्यात ते शिरेवर दाब देऊ शकतं. मग हातात किंवा पायात कळ जाते, मुंग्या येतात, बळ कमी होतं. गुडघ्यात किंवा खुब्यात ते सांध्याची हालचाल अडवू शकतं. अशा बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं. पण नुसतं फोटोत दिसलं म्हणून काढायचं, हे बरोबर नाही.

याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात गुडघा झिजलेल्या १८० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीने धुतला, काहींचा आतून खरवडून साफ केला, आणि काहींना फक्त वरवर चीर देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. कोणाचं काय झालं ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षं पाहिलं, तर तिन्ही गटांत दुखणं सारखंच. म्हणजे धुण्याचा आणि खरवडण्याचा खर्च फुकट. तेव्हा झिजलेला गुडघा दुर्बिणीने साफ करून देतो असं कोणी म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय कर्ज काढू नका.

ओझं कुठून येतं?

वय वाढतं तशी झीज वाढते, आणि पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा जास्त दिसते. हाताच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी येतात त्याही बायकांमध्ये अधिक, आणि बऱ्याचदा आईला असतील तर मुलीला येतात. इतकं निसर्गाचं. आता आपल्या कामाकडे पाहू.

पावसाळ्यात रोवणी. गुडघाभर चिखलात, कमरेतून वाकून, मागे सरकत दिवसभर. चिखलातून प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. रोवणी उक्ती घेतली असेल तर पाठ सरळ करायलाही कोणी थांबत नाही. मग निंदण, मग कापणी, तीही उकिडवं बसून किंवा वाकून. उन्हाळ्यात मोह वेचायचा, एकेक फूल वाकून. मे महिन्यात तेंदूपत्ता. ७० पानांचं एक पुडकं. १०० पुडके म्हणजे ७,००० पानं, म्हणजे ७,००० वेळा हात खाली आणि वर. सकाळी पानं तोडायची, ओझं डोक्यावर आणायचं, दुपारी उकिडवं बसून पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे. बाराही महिने पाण्याचे गुंड आणि सरपणाची मोळी. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघर शेगडी आली, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा मोळी आहेच.

उकिडवं बसण्याचा आणि गुडघ्याचा संबंध चीनमध्ये तपासला गेला आहे. बीजिंगमधल्या वयस्क बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आढळली, आणि तरुणपणी ज्यांनी रोज बराच वेळ उकिडवं बसून काम केलं त्यांच्यात झिजेचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे आज पुडके बांधणाऱ्या पंचविशीतल्या मुलीच्या टोंगळ्याचा हिशोब तिच्या पन्नाशीत चुकता होतो.

आणि घरात? २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटं. शेतातून दोघं एकाच वेळी येतात, पण तिचा सांधा आणखी तीन-साडेतीन तास जास्त राबतो. “आराम करा” असं सांगणाऱ्याने हे तास कोणाच्या नावावर टाकायचे तेही सांगायला पाहिजे.

दवाखान्यात आणखी एक सल्ला मिळतो, “वजन कमी करा.” ज्यांचं वजन खरंच जास्त आहे त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. अंगातलं एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं मोजलं गेलं आहे. पण आपल्या जंगलपट्ट्यातल्या अनेक बाया मुळातच हाडकुळ्या आहेत, अंगात रक्त नाही. त्यांना वजन कमी करा म्हणणं ही चेष्टा आहे. त्यांच्या टोंगळ्यावरचं वजन अंगाचं नसून डोक्यावरचं आहे. ते कमी करा, असं म्हणायला हवं. आणि अंगात मांस भरायला डाळ, अंडी, मासे त्यांच्या ताटात यायला हवेत, घरातल्या सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं नव्हे.

जंगलपट्ट्यात टोंगळ्याचा प्रश्न जीवावरचाही आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही भागातल्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. वाघापुढे धडधाकट माणसाचंही काही चालत नाही. पण जिला वाकल्यावर चटकन उठता येत नाही, बाकीच्यांच्या बरोबरीने चालता येत नाही, ती जंगलात एकटी मागे पडते. म्हणून टोळीने जाताना सगळ्यात हळू चालणारीच्या चालीने चालायचं, हा नियम करा.

प्रत्येक सांधेदुखी ही झीज नसते

आपल्या दोन जिल्ह्यांत हे फार महत्त्वाचं आहे. झिजेचं दुखणं ओळखायचं कसं? ते सहसा चाळिशीनंतर येतं, हळूहळू वाढतं, कामाने वाढतं आणि विसाव्याने कमी होतं. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. याच्याशी जुळत नसेल तर पुढच्या गोष्टी मनात आणा.

पहिली, पाण्यातलं फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्यात अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात ते प्रमाणापेक्षा जास्त आढळलं आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरी सोय नसेल तर जास्तीत जास्त दीड, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हाडं जाड होतात, हाडांना बांधणारे पट्टेच हाडासारखे कडक होतात, कणा ताठतो. इथेही फोटोत “हाड वाढलंय” असंच दिसतं, पण कारण निराळं असतं. ओळखायच्या तीन सोप्या खुणा आहेत: गुडघे न वाकवता जमिनीला हात लावता येतो का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का. गावातल्या अनेकांना, पुरुषांनाही, हे जमत नसेल आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील, तर आधी पाणी तपासा. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात ते आणखी दाट होतं. तुरटी आणि चुन्याने ते कमी करायची ‘नलगोंडा पद्धत’ आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेच काढलेली आहे. पण त्यातलं प्रमाण पाणी तपासून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचं किंवा नळयोजनेचं पाणी.

दुसरी, सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा आजार आहे. त्यात अधूनमधून हाडं असह्य दुखतात, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड मरू शकतं. विशी-तिशीतली मुलगी लंगडते, मांडीच्या सांध्यात दुखतं म्हणते, तर तिला “वातावरणाने होतं” म्हणून परत पाठवू देऊ नका. रक्त तपासा. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. तपासणी मागणं हा तुमचा हक्क आहे.

तिसरी, संधिवाताचा एक प्रकार, ज्यात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते. तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि तरुणपणीही होतो. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्त टिकतो. यावर खास औषधं आहेत. ती लवकर सुरू केली तर बोटं वाकडी व्हायची वाचतात. चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोनमहिने दुखतात, तापाचा इतिहास विचारा.

आणि काही खुणा अशा आहेत की थांबायचंच नाही. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. पडल्यावर पाय टेकताच न येणं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि वजन घटणं. कंबरदुखीबरोबर पायातलं बळ जाणं, मांड्यांमध्ये बधिरपणा येणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

करायचं काय?

झिजलेली कूर्चा परत आणणारं औषध अजून निघालेलं नाही. वाढलेलं हाड विरघळवणारं तेल, काढा, पट्टा, गोळी असं काही नाही. बाजारात तसं सांगून विकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर पैसे घालवू नका. पण दुखणं कमी करता येतं आणि चालणं टिकवता येतं. त्यात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो स्नायूंच्या बळाचा.

तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? राबण्यात तेच सांधे त्याच ठिकाणी झिजतात आणि काही स्नायू तसेच कमजोर राहतात. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू हा टोंगळ्याचा खरा आधार. त्याच्यासाठी तीन व्यायाम.

एक. पाय लांब करून बसा. टोंगळ्याखाली लुगड्याची गुंडाळी ठेवा. टोंगळ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा.

दोन. पाठीवर झोपा. एक पाय दुमडा. दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे मोजा, हळू खाली ठेवा. दहा वेळा, मग दुसरा पाय.

तीन. खाटेच्या किंवा ओट्याच्या काठावर बसा. हातांचा आधार न घेता उभ्या राहा आणि हळू बसा. पाच वेळांपासून सुरुवात करा, दहापर्यंत जा. सुरुवातीला आधार लागला तर घ्या.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं तर संख्या कमी करा, बंद करू नका. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात. टाच दुखत असेल तर खाटेवरून उतरण्यापूर्वी पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून तळवा ताणा, आणि अनवाणी चालू नका.

काठी लाज म्हणून टाळू नका. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा टोंगळा दुखतो तर काठी डाव्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आखडलेल्या सांध्याला गरम फडक्याचा शेक द्या. नुकतीच सूज आली असेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा.

जमिनीवर बसायची कामं पाटावर किंवा उंच ओट्यावर आणा. चूल ओट्यावर आली तर धूरही कमी लागतो. आता संडासाचं. याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम बोलते. बसता येत नाही म्हणून अनेक बाया पाणी कमी पितात, रात्रीचं जेवण टाळतात. त्यातून लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ होतं. संडासाच्या भिंतीला धरायला एक मजबूत दांडी बसवा. प्लास्टिकच्या किंवा लोखंडी खुर्चीला मधे भोक पाडून ती भांड्यावर ठेवता येते. त्याला मोठा खर्च नाही, पण घरातल्या म्हातारीची अब्रू राहते.

औषधांचं. दुखऱ्या जागी लावायचं वेदनाशामक मलम गुडघ्यासाठी आणि हाताच्या बोटांसाठी उपयोगी आहे आणि पोटातल्या गोळीपेक्षा सुरक्षित आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि कमीत कमी दिवस घ्या. दुकानातून आणून महिनोनमहिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड बिघडतं, रक्तदाब वाढतो. आणि ज्या पुड्यांवर नावच नाही त्या घेऊ नका. एका दिवसात जादू झाली तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते आणि पुढे हाडंच ठिसूळ होतात. बऱ्याच दिवसांपासून अशा पुड्या चालू असतील तर मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून हळूहळू बंद करा. सांध्यात द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. ते प्रशिक्षित डॉक्टरने दिलं तर काही आठवडे आराम मिळतो, पण ते पुन्हा पुन्हा घ्यायचं नसतं. तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल अजूनही काही ठिकाणी आहे. त्याने जखम होते, सांधा सुधारत नाही.

चालणं, झोपणं अशक्य झालं आणि बाकी सगळं करून पाहिलं, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा चांगला उपाय आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, ती किंमत बिलात वेगळी लिहून मागा. शासकीय आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि एक गोष्ट आधीच समजून घ्या: शस्त्रक्रियेनंतर बहुतेकींना उकिडवं बसता येत नाही, मांडी घालायची नसते. म्हणजे घर, चूल, संडास आणि काम बदलल्याशिवाय नुसता सांधा बदलून भागत नाही. हे शस्त्रक्रियेआधी घरच्यांना समोर बसवून सांगा.

हे गटाचं काम आहे

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी त्यांच्यातल्या फक्त ८ टक्क्यांची कधी तपासणी झाली होती. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जात होतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या पाठ-कंबर-सांध्यांच्या दुखण्याचाही अभ्यास हाती घेतला, कारण लोकच ते दुखणं घेऊन येत होते. अंगावर काढलेलं दुखणं मोजलं गेलं की ते एकटीचं राहत नाही, हे आपण यातून शिकायचं.

मग आपल्या गटांनी काय करावं?

गावातल्या पस्तिशीवरच्या सगळ्या बायांना विचारा: काय दुखतं, कधीपासून, कोणत्या कामाने वाढतं, आजवर किती पैसे गेले, कुठे गेले. एका वहीत लिहा. ही वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सिरोंच्याच्या बाईला व्यायाम शिकायला सुमारे २०० किलोमीटरवर गडचिरोलीला जायला लावणं चालणार नाही. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी फिजिओथेरपिस्टने तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात यावं, ही मागणी करा. तीन व्यायाम शिकायला तर तोवरही थांबायचं कारण नाही. बचत गटाच्या बैठकीत हिशोब सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून करा.

पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण आहेत? नसतील तर का नाहीत, हे ग्रामपंचायतीला विचारा.

तेंदूपत्त्याचं काम अनेक ठिकाणी आता ग्रामसभा स्वतः पाहतात. मग पुडके बांधायला सावली, बसायला पाट, आणि जंगलातून फळीवर माल आणायला बैलगाडी किंवा गाडी, याचा खर्च ग्रामसभेनेच काढायला हवा. हे ग्रामसभेत मांडायला संकोच वाटत असेल तर त्याआधीची महिला सभा कायद्याने आपली आहे. तिथे ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचायला लावा.

रोवणीला तासाला एकदा सगळ्यांनी मिळून दोन मिनिटं उभं राहून पाठ मागे ताणायची, असं टोळीनेच ठरवा. एकटी उभी राहिली तर मुकादम बोलतो, वीसजणी उभ्या राहिल्या तर त्याला गप्प बसावं लागतं. रोवणीचं यंत्र आलं तर टोंगळे वाचतील, पण मजुरी जाईल. म्हणून यंत्र बायांच्या गटाच्या मालकीचं असावं, चालवायला बायांनी शिकावं, हीही मागणी आत्ताच करायला हवी.

आणि घरात पाणी भरणं आणि सरपण आणणं हे पुरुषांचंही काम आहे, हे आता स्पष्ट बोलायची वेळ आली आहे. त्यांच्याकडे सायकल आहे, मोटारसायकल आहे, कावड आहे. डोक्यावरून गुंड आणायचा तो बाईनेच, असा नियम कोणत्या शास्त्रात लिहिलेला नाही.

उद्या कोणी तुम्हाला सांगितलं की हाड वाढलंय, तर घाबरू नका. विचारा: यामुळेच दुखतं का? शिरेवर दाब आहे का? सिकलसेल तपासलं का? आमच्या गावच्या पाण्याचं काय? कोणते व्यायाम करू? हे प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि जिला एकटीला विचारायला जमणार नाही तिच्याबरोबर गटातली एकजण जा.